जर्किनच्या चेनमध्ये अडकलेलं पीस

त्या दिवशी बँकेच्या कॅशमध्ये दोनशे रुपये कमी पडत होते. सहाला शटर अर्धं खाली आलं, सातला शिपाई चहा ठेवून घरी गेला, आणि मी आपला व्हाउचरं उलटसुलट करत बसलेलो. शेवटी एका पाकिटात शंभराऐवजी एकशे एक नोटा निघाल्या. दोन कोऱ्या नोटा एकमेकींना अशा चिकटल्या होत्या की मशिनलाही कळलं नव्हतं. वैरागमधून गाडी बाहेर काढली तेव्हा साडेआठ होऊन गेले होते. डिसेंबरचा दुसरा आठवडा, अंगात जर्किन, कानाला मफलर, त्यावर हेल्मेट. व्हायझर मात्र वर केलेला, कारण त्याच्यावर इतके ओरखडे आहेत की समोरून एक दिवा आला की मला वीस दिसतात. सोलापूर-बार्शी रस्ता मी रोज करतो. कुठे खड्डा आहे, कुठल्या वस्तीवरचं कुत्रं मागे लागतं, उसाला पाणी सोडलं की कुठल्या वळणावर थंडीची लाट अंगावर येते, सगळं पाठ. रोजच्या रस्त्यावर माणूस गाडी चालवत नाही, गाडी त्याला घरी घेऊन जाते.

वडाळा मागे पडलं, नान्नज यायचं होतं. डांबरावर दोन निखारे दिसले. कुणी विडी टाकून द्यावी तसे, पण जोडीनं आणि जमिनीलगत. रातवा. त्या रात्रीच्या पाखराचे डोळे. हे मला कळलं, म्हणजे नंतर हिशेब केला तेव्हा कळलं की तेव्हाच कळलं होतं. गाडी पंचावन्नच्या आसपास असावी. पंचावन्न म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर. मी डिप्पर केला, ब्रेकवर पाय गेला, आणि मनात आलं की उडेल आता, रोजच उडतात. तो उडालाही. पण बाजूला नाही, वर आणि माझ्याच दिशेनं. छातीवर काहीतरी आपटलं. आपटलं हा शब्दही मोठा झाला. दोरीवर वाळत घातलेली बंडी वाऱ्यानं तोंडावर यावी, तेवढंच. एक पांढरट ठिपका डोळ्यांसमोरून गेला आणि मी चाळीसेक पावलं पुढे जाऊन थांबलो तेव्हा हँडलवरचे हात थरथरत होते.

गाडी वळवून परत आलो. चालूच ठेवली, दिवा रस्त्यावर टाकला, मोबाईलची बॅटरी लावली आणि शोधायला लागलो. आधी डांबर, मग साइडपट्टी, मग कुसळीच्या गवतात, मग पलीकडची चारी. एका जागी काळं काहीतरी दिसलं म्हणून वाकलो तर टायरचा तुकडा. तोल सावरायला हात रस्त्यावर टेकला आणि चमकलो. हवेत गारठा होता, तोंडातून वाफ निघत होती, आणि डांबर कोमट होतं. नुकत्याच उठून गेलेल्या माणसाच्या अंथरुणासारखं. तेवढ्यात बार्शीकडे जाणारा एक मोटारसायकलवाला थांबला. "काय हरवलं का ओ?" मी म्हणालो, "किल्ली पडली." त्यानं माझ्या गाडीकडे पाहिलं. गाडी चालू होती, दिवा लागलेला, किल्लीला अडकवलेला सिद्धरामेश्वरांचा बिल्ला हलत होता. तो काही बोलला नाही. माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि गेला. घरी जाऊन त्यानं काय सांगितलं असेल देव जाणे.

सापडला नाही.

घरी बायकोनं दार उघडलं, माझा चेहरा बघून म्हणाली, "लागलं का कुठे?" मी म्हणालो, "सापडलाच नाही." मग दोघंही जरा वेळ गप्प. जर्किन खुंटीला अडकवताना तिलाच ते दिसलं. चेनच्या दात्यांमध्ये अडकलेलं पीस, करंगळीएवढं. दिव्याखाली धरलं तर तपकिरी, त्यावर पिवळसर मातकट पट्ट्या, मध्येच काळी नक्षी; पाचोळा, माती आणि वाळकं गवत एकत्र कुटून कुणी रंग केला असावा असं. कडा इतकी मऊ की बोटाला लागत नाही. या मऊपणामुळेच त्याच्या उडण्याचा आवाज होत नाही. कानाशेजारून गेला तरी कळत नाही, वारा हलल्यासारखा वाटतो फक्त. पीस मी कपाटातल्या पासबुकात ठेवलं. का ठेवलं ते तिनं विचारलं नाही, आणि बरंच झालं.

रातवा दिवसा बघितलेली माणसं कमी. तो दिवसा समोरच असतो, पण दगड होऊन असतो. साळुंकीएवढा पक्षी, हातात घेतला तर कोंबडीच्या अंड्याहून फारसा जड लागणार नाही. चोच एवढीशी, आणि ती उघडली की मागे जबडाच जबडा, उडता उडता किडे गिळायला केलेला. पाय नावालाच. घरटं बांधायची भानगड नाही. उघड्या जमिनीवर दोन अंडी घालायची आणि त्यांच्यावर जमिनीसारखं बसून राहायचं. आवाज मात्र कुणीही ओळखेल. शहाबादी फरशीवर गोटी सोडली की ती आधी लांब लांब टप्पे घेते, मग जवळ जवळ, आणि शेवटी थरथरत थांबते ना, तसा. लहानपणी उन्हाळ्यात अंगणात झोपलो की माळावरून ही गोटी रात्रभर पडायची. ती कोण टाकतं हे मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं.

नान्नजच्या अलीकडे मी सकाळी चहाला थांबतो. त्या हॉटेलात एक म्हातारबाबा कायम बाहेरच्या बाकड्यावर असतात, ऐंशीच्या पुढचे. त्या घटनेनंतर चारपाच दिवसांनी, दुसऱ्याच कुणाचा तरी किस्सा सांगतोय असं दाखवत, मी त्यांच्यापुढे विषय काढला. "बाबा, हे पाखरू रस्त्यावरच का बसतं?" बशीतला चहा संपेपर्यंत ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते रस्त्यावर कुठं बसतंय? ते त्याच्या जाग्यावर बसतंय. रस्ता तुमी त्याच्या जाग्यावरनं नेलाव." मग त्यांनी सांगितलं की डांबर पडायच्या आधी इथे गाडीवाट होती, आणि तेव्हाही तो धुळीतच बसायचा. बैलांच्या घुंगरांचा आवाज लांबून यायचा, कंदील हलत हलत यायचा. बैल दोन हातांवर आले की उठायचा, दहा पावलं पुढे जाऊन परत वाटेतच बसायचा. पुन्हा बैल यायचे, पुन्हा उठायचा. "असं मैलभर वाट दाखवल्यावानी चालायचा म्हातारा," ते म्हणाले. रातव्याला त्यांनी म्हातारा म्हटलं, की बैलगाडी हाकणाऱ्या कुणाची आठवण त्यात मिसळली, मला कळलं नाही. दहा पावलं पुढे जाऊन बसण्याची ही रीत मी कितीतरी वेळा पाहिली आहे. बैलासमोर ती पुरेशी होती.

माझे वडील असते तर त्यांना किल्लीचं खोटं सांगावं लागलं नसतं. त्यांच्याकडे एम-८० होती, आणि मी पुढे उभा राहून, हँडलच्या मधोमध धरून, याच रस्त्यानं आजोळी गेलेलो आहे. वडील पाखरांच्या बाबतीत भाबडे होते. भारद्वाज आडवा गेला की गाडी थांबवायचे, उजवा हात छातीला लावायचे, आणि म्हणायचे, "काम झालं आज." भारद्वाज तसाही घाईचा पक्षी नाही. उडायचं म्हणजे त्याच्या जिवावर येतं. तांबूस पंख पसरून, शेपूट सांभाळत, कमरेएवढ्या उंचीवरून रस्ता ओलांडतो. शुभ मानतात म्हणून लोक थांबतात आणि लोक थांबतात म्हणून तो वाचतो, असं मला पुष्कळदा वाटलंय. टिटवीचं आणि पिंगळ्याचं नशीब तसं नाही. दसऱ्याला चास दिसला तर वडिलांचे पूर्व भागातले तेलुगू मित्र खास घरी येऊन सांगायचे, पालपिट्टा दिसला म्हणून. तारेवर बसलेला असतो तेव्हा मळकट वाटणारा तो पक्षी, उडाला की निळ्या साडीचा पदर उलगडावा तसा दिसतो. मुहूर्ताचं कुठलंही पाखरू असो, वडिलांच्या लेखी त्याला रस्त्यावर पहिला हक्क.

आणि माळढोक. वडिलांनी तो नान्नजजवळ रस्ता ओलांडताना पाहिलेला, चालत. "सावकार शेतावर निघाल्यासारखा," असं ते सांगायचे, मान मागे टाकून चालून दाखवायचे. एक एसटी आणि त्यांची एम-८०, दोन्ही थांबलेल्या. मी त्या रस्त्यानं इतकी वर्षं ये-जा करतोय, मला एकदाही दिसलेला नाही. १९७९ साली अभयारण्य झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं; त्यात गावंच्या गावं, शेतं, शहराचे भाग, सगळं आलं. लोकांचे जमिनीचे व्यवहार अडकले, माळढोकाच्या नावानं बोटं मोडली गेली, आणि पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. त्या पक्ष्यासाठी रस्त्याला पाट्या आहेत. रातव्यासाठी नाहीत, आणि असत्या तरी मी त्या वाचल्या असत्या का, हा प्रश्न आहेच.

तसं बघितलं तर पाखरं आणि मोटारसायकल यांचं भांडण रोजचंच आहे. माघात-फाल्गुनात रस्त्यावर खळी पडतात. लोक हुलगा, तूर, कधी करडई डांबरावरच पसरतात. येणारीजाणारी चाकं मळणी करतात, मजुरी वाचते. दोन्ही बाजूंना दगड मांडलेले. त्या धान्यावर होले उतरतात. होला हा फार सभ्य आणि फार उशिरा निर्णय घेणारा पक्षी आहे. शेवटच्या क्षणापर्यंत मान हलवत टिपत राहतो आणि मग पंखांच्या टाळ्या वाजवत एकदम उठतो. दहातले नऊ डावी-उजवीकडे जातात. दहावा आधी डावीकडे, मग त्याचं मन बदलतं. कोतवालाचं उलट. आपली गाडी गवताला लागून गेली की त्यातून टोळ उडतात हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो तारेवरून सुटतो आणि दहावीस मीटर आपल्या खांद्याला खांदा लावून उडतो. अगदी डोळ्याला डोळा. तेवढ्या वेळात माझा वेग आणि त्याचा वेग एक असतो आणि तो हवेत स्थिर टांगल्यासारखा दिसतो. मग टोळ पकडून, कटलेल्या पतंगासारखा वळून मागे राहतो. माझ्यामुळे कुणाचं तरी पोट भरलं, असं त्या दिवशी उगाच वाटतं.

टिटवी तर पळतच नाही. साइडपट्टीच्या खडीत तिची अंडी असली की ती सरळ हेल्मेटवर चाल करून येते. पाय वर करून झोपते म्हणतात, आभाळ कोसळलं तर झेलता यावं म्हणून. जिनं आभाळ अंगावर घेतलंय तिला शंभर सीसीचं काय कौतुक? मागच्या एप्रिलमध्ये सलग तीन आठवडे एकाच ठिकाणी ती माझ्यावर येत होती. मी मान खाली घालायचो, ती वीतभर अंतरावरून वळायची. चौथ्या आठवड्यात आली नाही. तेव्हा पिल्लं निघून गेली, की खडीवरून ट्रॅक्टर गेला, हे बघायला मी थांबलो नव्हतो.

आमच्या ऑफिसमधल्या एकाला मोर लागला होता. लागला म्हणजे चार-पाच किलोचा ऐवज झाडीतून उतरून थेट त्याच्या हँडलवर आला. कॉलर बोन मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात. सगळ्यांना त्यानं सांगितलं, कुत्रं आडवं आलं. मोर राष्ट्रीय पक्षी, १९७२च्या कायद्यात पहिल्या यादीत. उगाच कुणी केस केली तर, अशी भीती. खरं काय ते त्यानं मला दोन वर्षांनी, एका लग्नाच्या पंगतीत, आवाज खाली घेऊन सांगितलं. वर म्हणाला, "भीती पोलिसांची नव्हती रे. पहिल्यांदा सांगितलं असतं तर आईनं आधी मोराचं विचारलं असतं." त्यावर आम्ही खूप हसलो, पण हसताना मला माझी किल्ली आठवत होती. २०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या फिलिप आयलंडच्या शर्यतीत इयानोने नावाच्या स्वाराच्या मोटारसायकलला समुद्रपक्षी धडकला होता. पुढचं कव्हर फुटलं, तरी तो तिसरा आला. तो व्हिडिओ ऑफिसात सगळ्यांनी पाहिला, दोनदा. पक्ष्याचं कुणी विचारलं नाही, मीही नाही.

थंडीच्या त्या रात्रींमध्ये मी बरंच वाचत बसलो. दोन संशोधकांचं फ्रान्समधल्या रस्त्यांवरचं काम हाती लागलं, २०१३चं. त्यांनी रस्त्यावरची पाखरं गाडी किती अंतरावर आली की उडतात ते मोजलं. निघालं असं की उडण्याचं अंतर समोरच्या गाडीच्या वेगावर ठरत नाही, त्या रस्त्याच्या वेगमर्यादेवर ठरतं. वेगाच्या रस्त्यावरची पाखरं लवकर उठतात, गावातली उशिरा. मग येणारी गाडी हळू असो की भरधाव. म्हणजे पाखरू रस्त्याचा स्वभाव शिकतं आणि त्यावर विश्वास टाकतं. हे वाचून मी पासबुकातलं पीस काढून पुन्हा बघितलं. आमच्या रस्त्याचा स्वभाव कुणी शिकायचा कसा? उसाचा ट्रॅक्टर पंधरानं येतो, मी पंचावन्ननं, एसटी साठनं, आणि वऱ्हाडाची जीप शंभरनं. नेब्रास्कातल्या पुलांखालच्या पाकोळ्यांचं तीस वर्षं निरीक्षण झालं आहे. गाड्यांखाली मरणाऱ्यांची संख्या हळूहळू घटली आणि जिवंत राहिलेल्यांचे पंख आखूड होत गेले. आखूड पंखांनी चटकन वळता येतं. मेलेल्यांचे पंख लांब होते. हे ज्यानं मोजलं, त्यानं तीस वर्षं रस्त्याच्या कडेला वाकून शोधलं असणार. त्याला कुणी थांबून काय हरवलं म्हणून विचारलं असेल तर तो काय सांगत असेल?

बँकेत एक सस्पेन्स खातं असतं. ज्या रकमेचं नाव-गाव लागत नाही ती तिथे टाकायची, आणि रोज तिच्याकडे बघायचं. त्या रात्रीचा रातवा माझ्याकडे तसा पडून आहे. पंख झटकून उडून गेला असेल, एवढ्या हलक्या धक्क्यानं काय होतंय, हे मी बायकोला सांगितलं आणि तिनं मान्यही केलं. पण मी इतका वेळ गवतात वाकून जे शोधत होतो ते त्याला वाचवण्यासाठी नव्हतं. मला निकाल हवा होता. मेलेला सापडला असता तर वाईट वाटून घेतलं असतं आणि जेवायला घरी गेलो असतो. ही गोष्ट स्वतःशी कबूल करायला मला दोन महिने लागले.

एम-८०ला दिव्याचं बटण होतं. रस्त्यावर ससा किंवा रातवा बसलेला दिसला की वडील गाडी थांबवून दिवा बंद करायचे. "उजेडात त्याला काही दिसत नाही," म्हणायचे. माझ्या गाडीला ते बटण नाही. २०१७च्या एप्रिलपासून नव्या दुचाक्यांचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, दिवसाही. समोरच्याला आपण दिसावं म्हणून. चांगलाच नियम आहे. त्यामुळे दिवा विझवायचा तर गाडीच बंद करावी लागते.

फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा उशीर झाला, कशामुळे ते आठवत नाही. वडाळ्यानंतरच्या त्या पट्ट्यात मी आता चाळीसच्या वर जात नाही. आणि निखारे दिसले, साधारण त्याच जागी. मी पंधरावीस पावलांवर थांबलो. तो हलला नाही. दिव्यात त्याचं अंग दिसत नव्हतं, फक्त ते दोन डोळे, मधूनच एक विझायचा, मान वळली की पुन्हा पेटायचा. मी किल्ली फिरवली. निखारे गेले. ते त्याचे नव्हतेच, माझ्या दिव्याचे होते. मग डोळ्यांना हळूहळू आकाश दिसायला लागलं, बाभळीचा शेंडा दिसला, रस्ता राखाडी पट्ट्यासारखा वर आला. करडईचा आणि धुळीचा वास. इंजिन थंड होताना टिक टिक वाजत होतं. तो तिथेच आहे की गेला, कळायला मार्ग नव्हता. जरा वेळानं डाव्या अंगाला, लांब, फरशीवर गोटी पडली. लांब लांब, मग जवळ जवळ. तोच असेल, किंवा दुसरा. मी हेल्मेट काढून हातात घेतलं.

मागून गाणं ऐकू यायला लागलं. दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर, स्पीकर पूर्ण आवाजात, एकच दिवा. बराच जवळ आल्यावर त्याला मी दिसलो असणार, कारण ब्रेक करकरले, ट्रॉल्या एकमेकींवर आदळल्या आणि दोनचार ऊस रस्त्यावर पडले. गाणं बंद झालं. वरून एक विशीतला पोरगा वाकला. "काय झालं ओ काका? बंद पडली का?"

"नाही," मी म्हणालो. "पाखरू बसलं होतं रस्त्यात."

तो क्षणभर गप्प राहिला. "आन् लाईट बंद करून हुबारलाव? चढलो असतो की अंगावर!"

बरोबरच होतं त्याचं. मी गाडी कडेला घेतली. त्यानं गाणं पुन्हा लावलं आणि ट्रॅक्टर कण्हत पुढे निघाला, ज्या जागी रातवा बसला होता त्या जागेवरून. दुसऱ्या ट्रॉलीच्या मागे लाल दिवा नव्हता, साधी पट्टीसुद्धा नव्हती.